पिल्लू हातात घेताना



आज ज्या विषयावर लिहावयाचे तो दिसावयास लहान आहे; तराजूत घातला तर त्याचे वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. तथापि त्यापायी आमच्या धर्मग्रामातील एका घरात गेल्या डिसेंबरात जे घडले त्यात मोठा दोष आमचा होता, आणि तो प्रथम सांगितल्यावाचून पुढचे काही लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

हकीकत अशी. आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी परसातील कोंबडीपालनासाठी सुधारलेल्या जातीची पिल्ले हवीत असा आग्रह धरला, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जीप घेऊन हैदराबादेस गेलो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आमच्या भागातील वृद्ध मंडळी आजही हैदराबादचे नाव अशा सुरात घेतात की जणू राजधानी तीच, आणि मुंबई हे दुसऱ्या कोणाचे तरी गाव. पिल्लांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खोटे नाही. हैदराबादच्या राजेंद्रनगर भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. १९८८ साली ते तेथे प्रकल्प संचालनालय म्हणून सुरू झाले व २०१३ साली त्यास आजचा दर्जा मिळाला. ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ ही नावे आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकली असतील. ती दोन्ही ह्याच संस्थेची देणगी. वनराजा रंगीबेरंगी, लांब पायांची, मांस व अंडी ह्या दोन्हींसाठी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. गावठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडी देते. वनराजा परसात मोकळी हिंडूनही शंभरापर्यंत जाते, आणि ग्रामप्रिया त्याहून पुढे. हैदराबादचे कोंबड्यांशी नाते ह्याहून जुने आहे. बी. व्ही. राव ह्यांनी १९७१ साली वेंकटेश्वर हॅचरीज काढली ती ह्याच शहरात. पुढे तिचा कारभार पुण्यास आला, आणि १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली.

असो. आम्ही दोनशे पिल्ले घेतली. भोकांची पुठ्ठ्याची दोन खोकी. प्रत्येकात चार कप्पे, कप्प्यात पंचवीस पिल्ले. एवढ्या कोवळ्या जिवांस सहा-सात तासांच्या प्रवासात चारापाणी कसे द्यावे ही चिंता आम्हांस होती. परंतु निसर्गाने ती सोय आधीच केलेली असते. एकवीस दिवसांनी अंडे फुटण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते, आणि त्या शिदोरीवर ते दोन दिवस तरी सहज तग धरते.

खोकी भरून देणारा एक वयस्क कामगार होता. आम्ही उत्साहाने एक पिल्लू उचलले व सर्व बोटे त्याच्याभोवती आवळली, तोच तो म्हणाला, “मुठ्ठी नक्को जी, हथेली.” (हैदराबादी दखनीतला हा ‘नक्को’ मूळचा आमच्या मराठीचा, पाहुणा म्हणून गेला आणि तेथेच घर करून राहिला.) त्याने आमची मूठ उघडली, पिल्लू तळहातावर उभे केले आणि आमचाच दुसरा हात त्याच्यावर छपरासारखा धरविला. पिल्लाचा आकांत क्षणात थांबला. आम्ही हसलो, त्याचे आभार मानले, आणि गावी पोहोचेपर्यंत ते सारे विसरून गेलो.

रविवारी मिस्सा झाल्यावर पिल्ले वाटली. कोणास दहा, कोणास वीस. वाटण्यापूर्वी पाऊण तास आम्ही बोललो. ऊब कशी द्यावी, खाली तूस किती जाड पसरावे, पाणी कशात ठेवावे, लस केव्हा टोचावी, सर्व सांगितले. “थंडी लागली की पिल्लू मेलेच समजा,” हे वाक्य तर आम्ही दोनदा, आवाज चढवून उच्चारले. पुढच्या रांगेत आयांच्या पायांशी मुले बसली होती. त्या मुलांस उद्देशून आम्ही एक शब्दही बोललो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातीचे मनगट धरून मिशनच्या बंगल्यावर आल्या. “फादर, पोरीनं पिल्लू मारलं बघा. धा होती, नऊ राह्यली. सांगा हिला कायतरी.” मुलीने दुसरा हात पाठीमागे लपविला होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग खाली पाहत म्हणाली, “म्या न्हाई मारलं. लाइट गेली व्हती. थंडी लागंल म्हून गोधडीत घेतलं व्हतं. तुमीच म्हनला व्हता.”

ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. रात्री वीज गेली, दिव्याची ऊब गेली, पिल्ले ओरडू लागली. घरातील मोठी माणसे झोपेत होती आणि ही उठली. सर्वांत अशक्त पिल्लू तिने मुठीत घेतले, मूठ छातीशी धरली आणि गोधडी डोक्यावरून ओढून झोपी गेली. सकाळी मूठ तशीच होती. जिने आमचे बोलणे सर्वांत मन लावून ऐकले, तिच्याच हातून हे घडले.

ते का घडले हे प्रत्येक आईबापास ठाऊक असावे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती व पोट ह्यांच्यामधला पडदा खाली सरकतो. पक्ष्यांस असा पडदा नसतो. त्यांची फुप्फुसे बरगड्यांशी घट्ट बसलेली असतात व फारशी फुगत नाहीत. हवा खेळविण्याचे काम अंगभर पसरलेल्या पातळ पिशव्या करतात, आणि त्या पिशव्या चालतात छातीचे हाड खालीवर हलल्याने, लोहाराच्या भात्याप्रमाणे. भाता दोन फळ्यांत जखडला तर वारा येईल कोठून? त्याचप्रमाणे मुठीत छाती दाबली गेली की चोच उघडी असूनही पिल्लू गुदमरते. त्यास फार जोर लागत नाही. मुलाच्या बोटांत असतो तेवढा पुरतो, आणि मुलाच्या झोपेतील कूस वळण्याने तर काम क्षणात होते. पिल्लू अशा वेळी ओरडतही नाही, कारण ओरडावयासही श्वास लागतो. मूल समजते, ते शांत झोपले.

त्या दिवसापासून आम्ही कोंबडीकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि इतकी वर्षे डोळ्यांसमोर असून न दिसलेली एक गोष्ट दिसली. कोंबडी आपल्या पिल्लास कधीही धरीत नाही. मांजर पिल्लू तोंडात धरते, माकडीण पोटाशी कवटाळते, आपल्या आया कडेवर घेतात. कोंबडीपाशी धरावयास काही नाहीच. ती खाली बसते, पंख किंचित उचलते आणि एक आवाज काढते. पिल्ले आपल्या पायांनी चालत येतात, व वाटेल तेव्हा आपल्या पायांनी निघून जातात. शुभवर्तमानातील पंखांखाली पिल्ले गोळा करणाऱ्या कोंबडीचा दाखला आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु त्या दाखल्यातील पंख हा पंजा नव्हे, हे आम्ही तरी आजवर नीट ध्यानी घेतले नव्हते. पिल्लाच्या लेखी माया म्हणजे पायांखाली स्थिर जमीन आणि डोक्यावर उबदार छप्पर. त्या हैदराबादी कामगाराने आमच्या दोन हातांचे नेमके तेच केले होते.

ह्यावरून पिल्लू कसे उचलावे ते आपोआप कळते. वरून झडप घालून उचलू नये. वरून येणारा हात म्हणजे पिल्लाच्या रक्तातली घार; ते भिऊन पळते, मूल मागे धावते, आणि पाय किंवा पंख हाती येईल तो धरून उचलते. त्याऐवजी हात जमिनीलगत, बाजूने, सावकाश न्यावा. तळहात पिल्लाच्या पोटाखाली सरकवून त्याचे दोन्ही पाय हातावर टेकू द्यावेत. पाय लोंबकळत राहिले की पिल्लू झटापट करते. दुसरा हात वरून हलका, न दाबता. मान, पंख किंवा एक पाय धरून पिल्लू कधीही उचलू नये. आणि मुलाने पिल्लू उभ्याने घ्यावयाचे नाही, हा नियम घरात कडक असावा. पिल्लू अचानक उडी घेते. मांडी घालून बसलेल्या मुलाच्या हातून ते वीतभर खाली पडेल; उभ्या मुलाच्या हातून पडले तर पाय मोडेल.

किती वेळ घ्यावे हाही प्रश्न आहे. घरी आल्यावर पहिला दीड-दोन दिवस हात लावूच नये. त्यांस पाणी, दाणा व ऊब ह्यांची ओळख होऊ द्यावी. पुढे दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी पाच मिनिटे. ह्याहून अधिक वेळ पहिल्या आठवड्यातले पिल्लू उबेबाहेर राहिले तर ते गारठते, कारण कोंबडीच्या अंगची उष्णता जरी ४१ अंशांच्या घरात असली तरी लव अंगावर असलेल्या पिल्लास ती स्वतःच्या बळावर राखता येत नाही. खरी पिसे येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ऊब सुमारे ३५ अंशांची हवी, मग दर आठवड्यास तीन अंशांनी कमी करीत जावे. पिल्लामागे दोन वॅट ह्या हिशेबाने जुन्या तारेचा दिवा टांगावा. ह्यात एक गोष्ट आम्ही त्या पाऊण तासाच्या व्याख्यानात सांगावयास चुकलो होतो: आजकाल घरोघरी असलेले एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. दोन घरांत पिल्ले त्या दिव्याच्या लख्ख उजेडात काकडत बसलेली आढळली. वीज जाईल त्या रात्रीसाठी बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवावी व खोक्यावर अर्धे पोते टाकावे, अर्धे उघडे ठेवावे. शेगडी ठेवणाऱ्यांनी धुराचे भान ठेवावे. गोधडीचा मोह मात्र कोणीही धरू नये, मोठ्यांनीसुद्धा.

थर्मामीटर नसेल तर पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी. भिंतीकडे सरकून चोच उघडी टाकली तर उष्मा. सर्वत्र विखुरून टिपू लागली तर ठीक. त्यांच्या आवाजाची ओळख तर मुलांस आमच्यापेक्षा लवकर होते. मोठा, टोकदार, थांबून-थांबून येणारा आवाज म्हणजे तक्रार. बारीक, भराभर, पुटपुटल्यासारखा म्हणजे समाधान. हातातले पिल्लू पहिला आवाज काढू लागले की त्यास खाली ठेवावयाचे, मग आपले मन भरलेले असो वा नसो. आमच्या मते मुलांस शिकवावयाचा मुख्य पाठ हाच. पिल्लू बोलते, फक्त आपण ऐकावयाचे असते. अंड्यात असतानाच, कवच फुटण्यापूर्वी, पिल्लू चिवचिवू लागते व वर बसलेली कोंबडी त्यास उत्तर देते. ज्या आयाबहिणींनी खुडूक कोंबडी बसविली आहे त्यांनी हे ऐकलेच असेल.

परंतु राजेंद्रनगरची पिल्ले अशी आईचे उत्तर ऐकून आलेली नसतात. ती यंत्रात उबविलेली. शिवाय ह्या सुधारलेल्या जातींची कोंबडी खुडूक बसत नाही. अंडी अधिक देते ती बसण्याचे सोडून देते म्हणूनच. म्हणजे आमच्या घरांत आलेली ही पिल्ले आईविना वाढावयाची, आणि त्यांची आई होण्याचे काम घरातील मुलांच्या अंगावर पडावयाचे. (घरात गावठी कोंबडी खुडूक बसली असेल तर गोष्ट निराळी. दोन दिवसांच्या आतली आठ-दहा पिल्ले रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवावीत. सकाळी ती बहुधा त्यांस आपलीच मानते. पिल्ले मोठी झाल्यावर हा प्रयोग करू नये, ती टोचून हाकलते. पहिल्या सकाळी समोर बसून पाहावे.)

माणूस पिल्लाची आई होऊ शकतो काय? ह्याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८७३ साली लिहून ठेवले की नुकते जन्मलेले पिल्लू प्रथम जी हलती वस्तू पाहते तिच्यामागे चालू लागते. त्याने काही पिल्लांच्या डोळ्यांवर टोपी घालून ती सुमारे चार दिवस तशीच ठेवली. टोपी काढताच ती त्याच्याकडे न येता भिऊन पळाली. पुढे ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ ह्यांनी हंसजातीच्या पिल्लांवर हाच विषय विस्ताराने अभ्यासिला. पाण्यातून पोहणाऱ्या लोरेन्झसाहेबांच्या मागे रांगेने जाणारी पिल्ले छायाचित्रांतून जगभर पोहोचली, आणि १९७३ साली दोघा सहकाऱ्यांसमवेत त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, पिल्लाच्या मनाचे दार पहिल्या दिवसांत सताड उघडे असते व मग मिटू लागते. हैदराबादेहून आमच्या गावी येईपर्यंत ते अर्धेअधिक मिटलेले असते. म्हणून आमच्या मुलांस पिल्लाचा विश्वास आयता मिळत नाही. तो दररोज, ठरल्या वेळी, थोडा-थोडा मिळवावा लागतो. आमच्या मते हे बरेच आहे.

मुलांच्या डोळ्यांवर आमचा भरवसा मोठा आहे. कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे ह्याची ठरलेली उतरंड असते, हे आज शास्त्रात सर्वमान्य आहे. ते १९२१ च्या सुमारास मांडले नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब ह्यांनी. आणि त्यांस कोंबड्यांचा नाद लागला तो वयाच्या सहाव्या वर्षी, परसात बसून पाहता-पाहता. आमच्या त्या मुलीचे वय तेवढेच.

आता रोगाचे. हे लिहिताना कोणास भिवविण्याचा हेतू नाही, परंतु लपविणेही बरे नव्हे. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेत व पिसांवर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पिल्लास काही होत नाही, मुलास मात्र जुलाब, वांती व ताप येतो. म्हणून पिल्लाचा मुका घेऊ नये, ते गालाशी लावू नये, स्वयंपाकघरात किंवा अंथरुणात आणू नये, आणि खाली ठेवल्याबरोबर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील लेकरांनी आईच्या मांडीवर बसून पाहावे, एवढेच पुरे. पिल्लांची पाण्याची भांडी माणसांच्या भांड्यांत मिसळू नयेत. पाण्याची थाळी उथळ असावी व तीत खडे टाकावेत, नाही तर पिल्लू त्यात बुडून मरते. खाली वर्तमानपत्र पसरू नये (अगदी आमचे हे साप्ताहिकही नव्हे). गुळगुळीत कागदावर पाय फाकतात व पुढे पांगळेपण येते. तुसावर पहिले काही दिवस गोणपाट टाकावे.

मानमोडीची लस चुकवू नये. ज्यास डॉक्टर राणीखेत म्हणतात तो हाच रोग. १९२८ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे तो आपल्या देशात ओळखला गेला म्हणून हे नाव पडले. पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, आणि त्या वेळीही पिल्लू तळहातावरच धरावयाचे असते. एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर मात्र मेलेला पक्षी मुलांस शिवू देऊ नये व पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. भारतात पक्ष्यांचा बर्ड फ्लू प्रथम आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, २००६ च्या फेब्रुवारीत. तेथील कुटुंबांनी लाखो कोंबड्या पुरलेल्या पाहिल्या आहेत. कोंबडीचे मांस नीट शिजवूनच खावे, मुलांनी मागितला तरी कच्चा तुकडा देऊ नये.

बाजारातली गुलाबी-हिरवी रंगविलेली पिल्ले मुलांच्या हट्टासाठी विकत घेऊ नयेत, असेही येथे सांगून ठेवतो. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील नर असतात, ज्यांचा व्यापाऱ्यास उपयोग नसतो. उबेविना, लशीविना उन्हात दिवसभर फिरविलेले ते पोर आपल्या घरी येते ते मरावयासच, आणि आपल्या मुलाने पाच-दहा रुपयांत विकत घेतलेले असते ते दुःख.

आणखी एक प्रश्न आहे, जो त्या मुलीच्या बापाने आम्हांस हळूच विचारला. “फादर, नऊतले चार-पाच तरी कोंबडे निघतील. पास्काला त्यातला एखादा कापायचाय. अन् हिनं समद्यांना नावं ठेवलीत.” आम्ही शेतकऱ्याच्या घरात वाढलो. पाळलेला कोंबडा कापणे हे पाप आहे असे आम्ही सांगणार नाही, आणि मुलीला काही कळू न देता एके सकाळी तो नाहीसा करावा, असेही सांगणार नाही. नंतर “घारीनं नेला” म्हणणे तर सर्वांत वाईट. मुलास हे पानात पडते तेव्हा कळते. आणि मग ते कोंबड्यावर नव्हे, बापावर रुसते, ते कित्येक वर्षे. आमच्या लहानपणी एका खोटेपणाने आमच्याही घरी असे झाले होते. म्हणून आमचा सल्ला असा की पिल्ले घरी येतील त्याच दिवशी मुलांस सांगावे, ह्यांतली कोणती राहणार, कोणती विकणार, कोणती सणाला जाणार हे पुढे ठरेल. एक मात्र तुझी, तिला कोणी हात लावणार नाही. नाव त्या एकीचेच ठेवावे, आणि तो शब्द मोडू नये, मग पाहुणे कितीही मोठे येवोत. बाप म्हणाला, “एक द्यायला काय, देतो की.” पण पोर हातच लावत नाही, हे त्याने पुढे सांगितले, आणि खरे म्हणजे तो आला होता त्यासाठीच.

कारण पिल्लू मेल्यापासून ती मुलगी खोक्यापासून चार हात दूर उभी राही, दोन्ही हात पाठीशी बांधून. पाणीसुद्धा ठेवावयास तयार नव्हती. आजींचे बोलणे थांबले होते, पण तिला त्याची गरज उरली नव्हती. आपले हात वाईट आहेत असे तिने स्वतःच ठरविले होते. आम्ही तिला सांगितले की दोष आमचा, आम्ही सांगावयाचे ते सांगितले नाही. तिने मान डोलावली. लहान मुले धर्मगुरूंपुढे मान डोलावतात. त्यास फार अर्थ नसतो.

तेव्हा नाताळ आटोपल्यावर आम्ही सायंकाळी त्यांच्या अंगणात जाऊ लागलो. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली होती, दुपारच्या उन्हात डालग्याखाली ठेवीत. आम्ही मांडी घालून जमिनीवर बसलो, तळहातावर तांदळाची कणी घेतली आणि हात पसरून ठेवला. पहिल्या दिवशी एकही पिल्लू फिरकले नाही. हाताला मुंग्या आल्या, झग्याला काय-काय लागले ते सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी सुनावले. दुसऱ्या सायंकाळी एक जवळ आले, आमचे बोट हलताच पळाले. आजी ओट्यावरून पाहत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, तो हसू लपविण्यास असावा. तिसऱ्या सायंकाळी पुन्हा तसेच. मग मागून आवाज आला, “फादर, तुमचा हात लई हलतोय.”

आम्ही म्हणालो, “आम्हांला जमत नाही बाई. कसा ठेवावा?”

ती बराच वेळ उभी राहिली. मग आमच्याशेजारी बसली, आमच्या हातातली कणी आपल्या हातावर घेतली आणि हात जमिनीला टेकवून ठेवला. तो खरोखरच जराही हलला नाही. एक तपकिरी तलंग आली, तिने दोनदा मान वाकडी करून पाहिले, एक दाणा टिपला, मग दुसरा, आणि दाणे संपता-संपता तिचा एक पाय तळहातावर आला. मुलीने श्वास रोखून धरला होता. बोटे मिटली नाहीत. पिल्लू हातावरून मांडीवर गेले, तेथे दोन घिरट्या घालून बसले, आणि डोळ्यांवर खालून पापणी चढली. तेव्हा तिने, आम्हांस न विचारता, दुसरा हात त्याच्यावर छपरासारखा धरला. तो तिला कोणी शिकविला नव्हता. काळोख पडेपर्यंत आम्ही तिघे तसेच बसून होतो; मग आईने जेवावयास हाक मारली आणि तिने पिल्लू डालग्यात ठेवून हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत.

हैदराबादची पुढची खेप फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. ज्यांस पिल्ले हवी असतील त्यांनी आपली नावे ह्या महिन्याअखेर सिस्टरांकडे नोंदवावीत. येताना झाकणाची टोपली व तारेचा जुना दिवा आणावा, आणि मुलांस अवश्य बरोबर आणावे. ह्या वेळी आम्ही प्रथम त्यांच्याशी बोलणार आहोत, आणि पिल्लू कसे घ्यावे ते दाखविण्याचे काम एका सहा वर्षांच्या मुलीने पत्करले आहे.